बिनमिठाचं ताट

मला राग आला की आमच्या घरात एकच प्रश्न निघतो. "आबा, गोळी घेतली का?"

शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून मी ओरडलो, की पोरगा विचारणार, गोळी घेतली का. दोन दिवस लाईट नाही म्हणून वायरमनला फोनवर चार शब्द सुनावले, की म्हातारी चुलीपासून विचारणार, "आवो, गोळी घ्येतली न्हवं?" बांध खरंच कोरलाय का, लाईट खरंच गेलीय का, हे कुणी बघत नाही. माणसाला एकदा डोक्याचा आजार झाला की त्याचा राग त्याचा राहत नाही. तो आजाराच्या नावावर चढतो. मग तुम्ही खरं बोला की खोटं, घरातली माणसं फक्त तुमच्या आवाजाची पट्टी ऐकतात.

मी चौथीपर्यंत शिकलो. नंतर गुरं आणि भात. आमचं गाव मुळशीत, भरे गावाच्या पुढं. पोरगा पिरंगुटच्या कंपनीत जातो. मी अजून माझं भाताचं खाचर माझ्या हातानं लावतो. हे लिहितोय तेही माझ्या हातानं, आणि गोळी घेऊनच लिहितोय, म्हणजे तो प्रश्न आधीच मिटला.

आजार आला तेव्हा पोराचं लग्न व्हायचं होतं. भाताची झोडणी उरकली आणि मी ओट्यावर बसलो तो बसलोच. दुःख म्हणावं तर काही नव्हतं. पीक चांगलं आलं होतं, घरात भांडण नव्हतं. पण भाकरी मातीसारखी लागायची. अंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. येणारा जाणारा विचारायचा, "कसलं टेन्शन घेतलंय?" नाही रे बाबा, कसलंच नाही. पण लोकांना कारण लागतं. कारण नसेल तर म्हणतात, आळस आलाय म्हाताऱ्याला. आयुष्यभर मी सगळ्यांच्या आधी बांधावर पोचलो नाही असं झालं नाही, आणि मला आळशी म्हणाले. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग बाजारातल्या एका डॉक्टरनं उदासीच्या गोळ्या दिल्या. काही आठवड्यांत मी उठलो. घर खूश. पण मी उठलो तो थांबेचना. झोप लागत नव्हती आणि थकवाही येत नव्हता. अंगणात विहीर खणायला घेतली. सांगत सुटलो की पाणी मला खालून हाका मारतंय. दिवसभर बोलायचो, गाणी म्हणायचो, लोकांच्या घरात शिरून त्यांना शेती शिकवायचो. गावानं ठरवलं की माझ्यात देवीचं वारं आलंय. बायका नारळ घेऊन अंगणात बसायला लागल्या. एकीची म्हैस हरवली होती. मी डोळे मिटून म्हणालो, ओढ्याच्या पलीकडं बघ. म्हैस तिथंच सापडली. म्हैस ओढ्याला नाही जाणार तर काय कंपनीत जाणार? पण माझं नाव झालं. ओट्यावर बसलेला आळशी होता, आणि अंगणात विहीर खणणारा देव झाला. दोन्ही वेळेला मी आजारीच होतो. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी मी देवळाच्या शिखरावर चढलो, तेव्हा पोरानं आणि त्याच्या दोस्तांनी मला उतरवून जीपमध्ये घातलं. दोरानं बांधून. चांदणी चौकाच्या गर्दीत गाडी अडकली, तिथं बाजूच्या गाडीतली पोरं मला बघून हसत होती. तेही विसरलेलो नाही.

पुण्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. मी जरा माणसात आल्यावर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "आजोबा, हा आजार दोन टोकांचा आहे. कधी माणूस खाली जातो, कधी वर. तुम्हाला नुसतं खालून वर काढायचं औषध दिलं गेलं. त्यानं तुम्ही वरच्या टोकाला जाऊन धडकलात."

मी म्हणालो, "मग आता खाली ओढणार का?"

"नाही. मध्ये ठेवणारं देणार. लिथियम."

ते काय असतं विचारलं तर म्हणाल्या, एक प्रकारचा क्षार असतो, खडकातून निघतो. मला नवल वाटलं. जन्मभर डोंगराचे दगड फोडले, आणि डोक्याचं औषध दगडातच. ते डोक्यात जाऊन करतं काय, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. तुमच्या आजारात ते निरोप कधी फार जोरात जातात, कधी जातच नाहीत. लिथियम पेशीच्या आत जाऊन ते ताळ्यावर आणतं, एवढं कळलंय. पूर्ण कसं होतं, ते आम्हालाही अजून माहीत नाही." या एका वाक्यानं मी त्यांची गोळी घ्यायला तयार झालो. देवीचं वारं म्हणणाऱ्यांना सगळं माहीत होतं.

गोळी लागू पडली. तहान जास्त लागायची, बोटं किंचित हलायची, पण झोका थांबला. भाकरीला भाकरीची चव आली. मी बांधावर परत गेलो.

आणि मग पोराचं लग्न ठरलं. मुलगी माण गावची. तिच्या बापाच्या जमिनीवर आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि तो उरलेल्या जागेत खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं देतो. बोलणी झाली त्या दिवशी संध्याकाळी पोरगा माझ्याजवळ आला. देवघरापुढं बसला.

"आबा, एक शब्द द्या."

"कसला?"

"त्या गोळीचं तिकडं कुटं बोलायचं न्हाई. कुणी इचारलं तर बीपीची गोळी."

"का? मी काय कुणाचा खून क्येलाय?"

"आबा, रक्तात असतं म्हणत्यात लोक. पोरगी कोण दील?"

म्हातारी दारात उभी होती, ती डोळे पुसायला लागली. मी म्हणालो, बरं. दिला शब्द. आमच्याकडं शब्द दिला की दिला. पोराला हे चांगलं माहीत होतं, म्हणूनच त्यानं शब्द मागितला.

तेव्हापासून माझा आजार बीपी झाला. आणि बीपी बघता बघता खरा वाटायला लागला. म्हातारी गोळ्या पाकिटातून काढून हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायची, कुणी नाव वाचू नये म्हणून. मी हिंगाच्या वासाची डोक्याची गोळी खायचो. आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायला पुण्याला जायचं असायचं, लिथियम अंगात किती आहे ते बघायला. कमी झालं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर ते विष. पण सून घरात आल्यावर तेही मागं पडत गेलं. तिनं विचारलं असतं, बीपी हितं मोजत्यात की, मग रक्ताला पुण्याला कशाला?

सून चांगली. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी तिला बोल लावील. ती मला मामा म्हणते, आणि पोरगी आपल्या मामाच्या अंगावर जशी ओरडते तशी हक्कानं ओरडते. तिनं कुठंतरी ऐकलं की बीपीला मीठ वाईट. झालं. माझं कालवण वेगळं शिजायला लागलं. बिनमिठाचं. लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. भाकरीच्या पिठात मीठ नाही. ताकाला मीठ लावलं तर हातातून पेला काढून घ्यायची.

"मामा, पॅरालिसिस होतो मिठानं. माज्या चुलत आज्याला झाला."

"अगं पन घशाखाली उतरंना."

"उतरतंय. हळूहळू सवय हुती."

मी पोराकडं बघायचो. पोरगा ताटाकडं बघायचा. काय बोलणार? मीठ चालतं म्हणावं, तर बीपीला कसं चालतं हे सांगावं लागलं असतं.

आषाढात लावणी आली. सकाळपासून चिखलात वाकून उभं राहायचं. पाऊस वरून, आणि अंगावरच्या प्लास्टिकच्या कागदाखाली घाम. संध्याकाळी गुडघे सुजले. पोरानं बाजारातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत?" मी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, "बीपीची." डॉक्टरनं मला नाही, त्यालाच पुढचं विचारलं. मी तिथं खुर्चीत होतो. माझेच गुडघे होते. दुखण्याच्या गोळ्या लिहून मिळाल्या, सकाळ संध्याकाळ.

मग माझा जीव मिठासाठी तडफडायला लागला. हे मी उगाच म्हणत नाही. खाचरात उभा असताना तोंडाला मिठाची चव आठवायची. एका दुपारी जेवताना मी ताट सरकवलं आणि ओरडलो, "मला मीठ द्या! अंगातलं सगळं सांडून आलोय मी चिखलात, मीठ द्या!"

आवाज मोठा होता. मान्य. पोरानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "आबा, गोळी घेतली का?"

मी म्हणालो, "तुज्या गोळीच्या... मी मीठ मागतोय, मीठ!"

म्हातारीनं डबी आणली. हिंगाची. मी गोळी घेतली. मीठ मिळालं नाही.

दोन-चार दिवसांत हात थरथरायला लागले. आधीसारखं किंचित नाही, रोपाची मूठ हातातून सुटायची. पोट बिघडलं. पाय कुठं टाकतोय आणि पडतोय कुठं, असं झालं. बांधावरून चालताना मी आडवा झालो आणि उठता उठता काही बोललो, तर जीभ जड. लावणीला आलेल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आज आबा सकाळपास्नंच टाकून आल्यात वाटतं."

मी उभ्या जन्मात दारूला शिवलेलो नाही. माझ्या भावकीत लोक शपथ घालताना माझं नाव घेतात. आणि त्या बायका हसत होत्या, आणि मला त्यांना शिवी घालायची होती, आणि तोंडातून शिवीसुद्धा धड निघेना.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. परत गाडी, परत चांदणी चौक. या वेळी दोर नव्हता, कारण बांधण्याजोगा मी उरलो नव्हतो. शुद्धीवर आलो तेव्हा हातात सलाईन, आणि खाटेभोवती पोरगा, सून, त्याच डॉक्टरीणबाई. माझे डोळे मिटल्यासारखे किलकिले होते, कान उघडे.

बाई विचारत होत्या, "यांचं जेवणातलं मीठ कमी केलं होतं का?"

सून अभिमानानं म्हणाली, "व्हय मॅडम. पूर्ण बंद. मी स्वतः वेगळं शिजवत व्हते. बीपीसाठी."

"पण यांना बीपी नाही."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला.

"मग ती गोळी?" सुनेनं विचारलं. बाईंना नाही, नवऱ्याला.

बाईंनी पोराकडं बघितलं. पोरगा म्हणाला, "सांगा तुमीच." मग बाईंनी सांगितलं. आजाराचं नाव, गोळीचं नाव. म्हणाल्या, "लिथियम आणि मीठ यांच्यातला फरक मूत्रपिंडाला नीट कळत नाही. अंगात मीठ कमी पडलं, घाम गेला, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला बघतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. बाहेर जायचं ते आत साचतं. त्यात तुम्ही दुखण्याच्या गोळ्या दिल्यात, त्यांनी आणखी अडवलं. मी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, मीठ कमी जास्त करायचं नाही, पाणी भरपूर, आणि कुठलीही दुसरी गोळी मला विचारल्याशिवाय नाही."

हे त्यांनी पोराला सांगितलं होतं. मला नाही! पथ्य सांगितलं त्या दिवशी मी झोपेच्या औषधानं खाटेवर गुंगीत होतो, आणि नंतर कुणाला वाटलं नाही की गोळी ज्याच्या पोटात जाते त्यालाही सांगावं. मी मीठ मागत होतो ते माझं अंग मागत होतं. घरात शहाणा एकटा मी होतो, आणि गोळी घेतली का म्हणून मलाच विचारत होते.

सून बाहेर गेली नाही. तिथंच उभी राहून नवऱ्याला म्हणाली, आवाज न चढवता, "मी माज्या हातानं मामांना मारत व्हते, आन तुमी ताटासमोर बसून बगत व्हता."

"अगं, मला ध्यानातच न्हवतं..."

"ध्यानात न्हवतं का सांगायचं न्हवतं?"

मी डोळे पुरते उघडले नाहीत. पण मला फार बरं वाटलं. माझ्या वाटचं कुणीतरी रागावत होतं, आणि तिला कुणी गोळी विचारत नव्हतं.

घरी आलो. रक्त परत तपासलं, गोळी कमी करून परत सुरू झाली. ताटात मीठ आलं. पहिला घास घेतला तेव्हा सून समोर बसून बघत होती. तिला पाचवा महिना होता. पोरगा तिच्या मागं मागं फिरायचा आणि विनवायचा, ते मला ओट्यावर ऐकू यायचं. "तुज्या म्हायेरी, मानला तेवढं नको सांगू. त्यांच्या लेखी बीपीच राहू दे. आबांनी शब्द दिलाय मला."

हो. दिला होता. तो शब्द मला दिवसभर सलाईनच्या सुईसारखा टोचायचा. मोडावा तर मी शब्द मोडणारा ठरतो, आणि पाळावा तर उद्या या सुनेची आई मला भेटायला येईल तेव्हा माझ्यासाठी बिनमिठाचं घेऊन येईल.

तसंच झालं. रविवारी व्याही आणि विहीणबाई आले. हातात सफरचंदं, नारळ आणि स्टीलचा डबा. विहीणबाई म्हणाल्या, "मुद्दाम दुधी क्येलाय, अजिबात मीठ न्हाई. बीपीला चांगला."

पानं वाढली. विहीणबाईंनी स्वतः माझ्या ताटात तो दुधी वाढला. व्याही म्हणाला, "पाव्हणं, जपायला पायजे आता. जिभेचे चोचले बंद."

ताटात पांढरा दुधी. मी सुनेकडं बघितलं. ती चुलीजवळ उभी, हातात मिठाचा सट, ते छोटं मडकं. पुढं येत नव्हती, मागंही जात नव्हती. तिला अडवत होता तो माझाच शब्द. माझ्या शब्दात मी तिला बांधून घातली होती, जीपमध्ये मला बांधलं तशी.

मी ताट ढकललं. "मी हे खानार न्हाई!"

आवाज चढलाच. पोरगा घाईनं, हसत, पाहुण्यांना ऐकू जाईल न जाईल असं म्हणाला, "आबा, गोळी घेतली का?"

"घेतली," मी म्हणालो. "लिथियमची. डोक्याची. बीपी मला न्हाई, कदी नव्हता. मला येड लागलं व्हतं, देवळाच्या शिखरावर चडलो व्हतो, आन ह्या गोळीनं मी मानसात हाय. ह्या गोळीला मीठ लागतं. तुज्या शब्दापायी मी मरायला टेकलो व्हतो. तुला दिलेला शब्द मी परत घेतला. हितं, सगळ्यांम्होरं."

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. व्याह्यानं माझ्याकडं बघितलं, मग मुलीच्या पोटाकडं.

"मंजी हे पोराला बी व्हनार?"

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, इतरांपरीस शक्यता जास्त. व्हतंच असं न्हाई. माज्या ह्या पोराला आजवर काय झालं न्हाई, खोटं बोलायची सवय सोडली तर."

"हसण्यावारी नेऊ नका! आमाला फशिवलं तुमी."

"व्हय, फशिवलं," मी म्हणालो. "मी तोंडानं, ह्यानं डोक्यानं. रागवा. तुमचा हक हाय."

व्याही उठला. विहीणबाई उठल्या. ताटं तशीच. व्याही सुनेला म्हणाला, "चल, कापडं भर."

सुनेनं मिठाचा सट खाली ठेवला आणि बापाला म्हणाली, "मला दवाखान्यातच समजलंय, दादा. मला आता घाई न्हाई. जेवा आन जावा."

तो जेवला नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गेली. डबा राहिला.

पोरगा तावातावानं बायकोकडं वळला. "तू तरी आवरायचंस त्यांना! आता काय तोंड दावायचं मानमदी?"

तिनं माझ्या ताटातला दुधी उचलून बाजूला ठेवला. नवीन कालवण वाढलं, सगळ्यांच्या टोपातलं, आणि वर सटातलं मीठ घातलं. मग हिंगाची डबी आणली, तिच्यातल्या गोळ्या हातावर काढल्या, आणि त्या परत भरून खऱ्या नावाचं खोकं फडताळावर मिठाच्या सटाशेजारी, येणाऱ्याला दिसेल असं उभं केलं. डबी चुलीत टाकता येत नव्हती, पत्र्याची होती, म्हणून अंगणात भिरकावली. पत्रा दगडावर वाजला.

"अगं, एवढं काय चिडायचं?" पोरगा म्हणाला.

"चिडनार," ती म्हणाली. "मामांवर बी चिडलेय, तुमच्यावर बी, दादांवर बी. पोर झाल्यावर त्याला पयल्यांदा हेच सांगनार. आन मला कुनी गोळी इचारायची न्हाई."

मी जेवायला लागलो. मीठ जरा जास्तच पडलं होतं, रागाच्या हातानं घातलेलं. मी ओरडलो.

"खारट झालंय!"

पोरानं तोंड उघडलं, आणि मिटलं. सुनेनं माझ्या ताटातून एक घास उचलून चाखला.

"व्हय, झालंय," ती म्हणाली, आणि भात वाढला.